बिरूच्या नावावरची पावलं

मी तो खून शंभराहून जास्त वेळा पाहिला आणि एकदाही मला त्यात माणूस दिसला नाही. दिसले ते ठिपके. बावीस ठिपके जागच्या जागी उभे, बावीस ठिपके चालत येणारे. चालत येणारे ठिपके नऊ पावलं टाकतात, वाकतात, समोरच्या ठिपक्यांना खांद्यावर घेतात आणि डोक्यावर आपटतात. मग उचलून आणखी दोनदा आपटतात. तालमीत या डावाला कलाजंग म्हणतात. तालमीत खाली माती असते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यामागे काँक्रीट होतं. प्रज्योत इंगवले पहिल्या आपटीतच गेला असावा, असं डॉक्टरांनी लिहिलं आहे. पुढच्या दोन नुसत्या रागाच्या.

वेळ संध्याकाळी साडेपाचची, लख्ख उजेडाची. मारणाऱ्यानं डोक्यावर हेल्मेट, अंगात रेनकोट आणि हातात मोजे घातले होते. कारखान्याच्या कॅमेऱ्याला त्याचं तोंड दिसलं नाही, पण त्याची नऊ पावलं दिसली. तेवढी मला पुरेशी होती.

मी राजलक्ष्मी चौगुले. जिल्ह्याच्या चालठसा प्रयोगशाळेत तपासनीस होते. चालठसा हा शब्द आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, तरी एकदा नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. टाच टेकल्यावर गुडघा किती वेळानं वाकतो, कंबर कुठल्या बाजूला किती झुकते, डावा हात उजव्या पायाला किती उशिरा साथ देतो, हे सगळं अंगावरच्या सांध्यांच्या बावीस ठिपक्यांवरून मोजलं की प्रत्येक माणसाची एक खूण तयार होते. हाडांची लांबी, जुनी दुखापत, लहानपणी ज्यांचं बघून आपण चालायला शिकलो त्यांच्या सवयी, सगळं तिच्यात उतरतं. चाल मुद्दाम बदलली तरी सात-आठ पावलांत शरीर मूळ वळणावर येतंच. म्हणून २०३५ साली कायदा झाला, गावोगाव लोकांच्या चालीची नोंदणी सुरू झाली आणि कोर्टात चालठशाला बोटाच्या ठशाइतका मान मिळाला.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यांवर नाव नसतं, क्रमांक असतो. तपासणाऱ्याचा कल इकडे तिकडे झुकू नये म्हणून ही सोय. मीच ती सुचवली होती आणि त्याबद्दल माझा सत्कारही झाला होता. शाल अजून कपाटात आहे.

कारखान्यातले ठिपके एका क्रमांकाशी जुळले. मी अहवालावर सही केली. मग लिफाफा उघडला आणि त्यातून नाव निघालं, बिरू हजारे.

बिरू आबांच्या तालमीतला. माझे वडील केरबा वस्ताद, त्यांनी चाळीस वर्षं पोरं घडवली, पण बिरूसारखं दुसरं त्यांना मिळालं नाही. सातव्या वर्षी धनगराचं हे पोर मेंढरं सोडून तालमीत आलं आणि आमच्या घरात जेवून मोठं झालं. माझा सख्खा भाऊ धैर्यशील त्याच्याच बरोबरीनं मातीत घुमायचा. धैर्यालाही कुस्ती चांगली येत होती, पण दुधावरची साय बिरूच्या पेल्यात पडायची. तीन वर्षांपूर्वी राज्याच्या स्पर्धेत बिरू पहिल्याच फेरीत हरला, डावा गुडघा धरून बाहेर आला आणि आईबरोबर परत मेंढरांमागे गेला.

प्रज्योत इंगवले हा हरलेल्या कुस्त्यांचे व्हिडिओ करायचा. पडणाऱ्या पैलवानावर गाढवाचं ओरडणं लावायचा आणि चार जिल्ह्यांत पसरवायचा. बिरूचाही त्यानं केला होता. पोलिसांना हेतू मिळाला, मी त्यांना चाल दिली. बिरू म्हणत राहिला की त्या संध्याकाळी तो मेंढरांजवळ होता. साक्षीला त्याची आई, मायाक्का. आईची साक्ष कोण धरतं?

गुरुवारी माझी साक्ष झाली. बिरूला दोघांनी काखेत धरून आणलं. डावा पाय लाकडासारखा फरफटत होता, वरचा ओठ शिवलेला होता. पळताना पडला, असं पोलिसांनी सांगितलं. पळताना पडलेल्या माणसाच्या दोन्ही तळपायांवर वळ कसे उठतात, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्याच्या वकिलांनी मला विचारलं, "मॅडम, हा नमुना चुकीचा असण्याची शक्यता किती?"

"दहा लाखांत एक," मी म्हणाले.

कोर्टाचं कामकाज सगळीकडे थेट दिसत होतं. मी संध्याकाळी घरी पोचायच्या आत माझं ते वाक्य हजारो फोनांत फिरत होतं, खाली प्रज्योतचा फोटो लावून.

घरी आबा सोप्यात बसले होते. मी शेजारी बसून साक्षीच्या वेळी दाखवलेले, बिरूच्या नोंदणीतले ठिपके पुन्हा लावले. का लावले कोण जाणे. बिरूचा फरफटणारा पाय डोळ्यांपुढून जात नव्हता. आबांनी सहज नजर टाकली आणि तोंड फिरवलं.

"बंद कर ते."

"खुनाचं नाही आबा. बिरूच्या नोंदणीच्या दिवसाचं आहे."

"बिरूचं न्हाई ते," आबा म्हणाले. "चाळीस वर्सं मी पोरांचं पायच बघतोय. माझ्या पोराची चाल मला कळत न्हाई व्हय?"

मी टॅब खाली ठेवला. आबा भिंतीकडे बघत बोलत राहिले. स्पर्धेच्या दोन महिने आधी बिरूचा गुडघा गेला होता. पैलवानांना चालीचा दाखला सक्तीचा झाला होता आणि आमचं यंत्र चालीबरोबर दुखापतही सांगायचं. गुडघा अस्थिर निघाला की दाखला नाही, दाखला नाही तर कुस्ती नाही.

"चौदा वर्सं राबलं हुतं पोरगं. मी धैर्याला म्हटलं, तू चालून ये. तुझं काय, तुझ्या पुढं अजून लई वर्सं हाईत."

नोंदणीच्या टेबलावर बिरूनं तोंड दाखवलं, तळहात टेकवला. मग कपडे बदलायच्या खोलीत गेला. तिथून सगळेच अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे घालून, डोक्यापासून हनुवटीपर्यंत काळी टोपी चढवून बाहेर यायचे, कारण यंत्राला फक्त सांधे हवे असत. बाहेर आला तो धैर्या. वीस पावलं चालला आणि ती पावलं बिरूच्या नावावर जमा झाली. आतल्या खोलीत यंत्रापाशी त्या दिवशी मीच बसले होते. माझ्यासमोरून माझा भाऊ चालत गेला आणि मला बावीस ठिपके दिसले.

त्यानंतर धैर्यानं स्वतःची नोंदणी कधी केलीच नाही. केली असती तर एकाच चालीला दोन नावं निघाली असती. दाखला नाही म्हणून मोठी स्पर्धाही नाही. जत्रांच्या मैदानात खेळत राहिला आणि या चैत्रात एका परक्या पोराकडून अकरा सेकंदांत चितपट झाला. प्रज्योतनं त्यावर गाढव ओरडवलं.

"आबा, उद्या माझ्याबरोबर कोर्टात चला," मी म्हणाले.

"बिरूनं मार खाऊन बी माझ्यापायी तोंड उघडलं न्हाई. त्याला वकील सोडवंल. धैर्याला कोण सोडवंल?" आबांचा आवाज फाटला. "त्या पोराचं पाय मी दुसऱ्याला दिलं, राजू. आता त्याला फासावर पण मीच देऊ?"

चूक सगळी माझी, शिक्षा मात्र पोरांना, असं ते पुटपुटत राहिले. मला त्यांची दया आली नाही. राग आला आणि तो राग घेऊन मी शुक्रवारी सकाळी तालमीत गेले.

धैर्या एकटाच कुस्तीच्या हौदातली माती उकरत होता. मी विचारलं, "प्रज्योतला तू मारलंस?"

त्यानं फावडं टाकलं, दोन ढांगांत वर आला आणि माझा गळा धरून मला भिंतीला टेकवलं. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी लहान. मी त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडलेलं आहे. त्याच्या बोटांची माती माझ्या तोंडात गेली.

"मी फकस्त सांगाया गेलो हुतो, व्हिडिओ पुसून टाक म्हणून."

"हेल्मेट घालून?" मी कशीबशी म्हणाले.

"त्यानं आवाजावरनं वळखलं मला. हसला. मोबाइल वर केला आन माझ्या तोंडावर गाढव वाजवलं." त्याची पकड आणखी घट्ट झाली. "मला पोरी बघायला जायची चोरी झाली, ताई. बाजारात शेंबडी पोरं गाढवासारखी वरडायची. तू बघितलास का त्यो व्हिडिओ?"

"बघितला."

"हसलीस?"

"नाही."

मी हसले होते. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी दाखवला, पडणारा माणूस कोण ते कळायच्या आत हसू फुटलं आणि कळल्यावर ते तोंडातच राहिलं. धैर्यानं माझ्या डोळ्यांत काय पाहिलं माहीत नाही, पण गळा सोडला आणि स्वतःचं कपाळ भिंतीवर आपटायला लागला. एकदा, दोनदा, रक्त येईपर्यंत. मी त्याला मागून मिठी मारली. खुनी आहे हे माहीत असताना मारली आणि सोडवेना.

आता खरं सांगायचं ते इथे. कुठल्याही नमुन्यावर 'शंकास्पद' अशी खूण करायचा अधिकार मला होता. एकदा खूण केली की चौकशी होईपर्यंत तो नमुना सगळीकडून बाद. कुठल्याच यंत्राला त्यावरून नाव काढता येत नाही. त्या दुपारी मी बिरूच्या नावाचा नमुना उघडला. खूण केली की कारण लिहावं लागणार, कारण लिहिलं की धैर्या गेला. मी पडदा बंद केला. शनिवारी पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. बिरूला कोर्टानं मोडक्या पायासाठी जामीन दिल्याचं कळलं तेव्हा तर मला सुटल्यासारखं वाटलं. इतकी मी हलकी निघाले. मायाक्कानं त्याला दवाखान्यातून परस्पर मेंढरांच्या तळावर नेलं. कुठल्या माळावर, ते तिनं कुणालाही सांगितलं नाही.

सोमवारी 'चालओळख' आलं. आमच्या नोंदणीत शिरायची किल्ली कुणीतरी बाहेर फोडली होती आणि प्रज्योतच्या चाहत्यांनी त्यावर फोनसाठी ॲप बनवलं होतं. चालणाऱ्या माणसावर फोन रोखायचा, आठ-दहा पावलं झाली की त्याच्या डोक्यावर नाव उमटतं. कायद्यानं हा गुन्हाच होता. पण कायद्यानं चपला घालेपर्यंत ते चाळीस हजार फोनांत गेलं. पहिल्या दिवशी लोकांनी गंमत केली. कोण कुणाच्या घरातून निघालं ते बघितलं, दोन घरांत मारामाऱ्या झाल्या, एका मास्तरांचे दात पडले. संध्याकाळपासून एकच नाव फिरायला लागलं. बिऱ्या दिसला की सोडायचा नाही.

मी धैर्याला म्हणाले, "आज इथून जा. मावशीकडे बेळगावला जा. पुढचं मी बघते."

ते ॲप नोंदणीतलंच नाव दाखवणार आणि धैर्याची नोंदणीच नाही, मग त्याला कसली भीती, असा माझा हिशेब होता. त्याच्या चालीला नाव आहे आणि ते नाव बिरूचं आहे, ही गोष्ट आख्ख्या तालुक्यात चौघांनाच माहीत होती, त्यातली एक मी. तरी ऐन वेळी माझ्या डोक्यात ती आली नाही. चोवीस वर्षं ज्याला धैर्या म्हणून हाक मारली, त्याला दुसरं नाव चिकटलंय हे मनानं घेतलंच नव्हतं.

मंगळवार बाजाराचा दिवस. दुपारी चारला मी त्याला स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्यानं डोळ्यांखाली उपरणं घट्ट गुंडाळलं होतं. "येतो ताई," म्हणाला आणि फलाटाकडे निघाला. मी त्याची पाठ बघत उभी राहिले. तेव्हा मला दिसलं, टाच टेकल्यावर त्याची कंबर किंचित डावीकडे झुकते. आईची झुकायची तशी.

दहाव्या पावलाला रसवंतीपाशी उभ्या असलेल्या एका माणसाचा फोन वाजला. शेजारच्याचा वाजला. मग ओळीनं पाच-सहा.

"बिऱ्या हाय ह्यो. नाव आलंय बघ."

धैर्या थांबला, वळला. पहिल्या माणसानं त्याच्या उपरण्याला हात घातला. धैर्यानं त्याला कमरेवरून उचलून फलाटावर टाकला. दुसऱ्याचा हात मोडला, तो कडकन वाजलेला मी ऐकला. हा डाव बघून जमावाची खात्रीच पटली. कुणीतरी बाजारातल्या पालाचा लोखंडी पाइप आणला आणि मागून गुडघ्यावर घातला. धैर्या खाली बसला. मग तो मला दिसेना, नुसत्या पाठी आणि वर-खाली होणारे हात दिसत होते. आतून त्याचा आवाज येत होता, "मी बिरू न्हाई, मी बिरू न्हाई."

मी घुसले. एकाचा शर्ट फाडला, एकाच्या दंडाला चावले. "तो बिरू नाही. सोडा त्याला, तो बिरू नाही."

पाइपवाल्यानं माझ्याकडे बघून ओळखलं. प्रज्योतच्या गावचा असावा, तिशीचा, डोळे रडून सुजलेले.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात की. दहा लाखांत एक." त्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "बिरू न्हाई, तर मग कोण हाय?"

त्या माणसानं मला विचारलं होतं. उत्तर ऐकायला तो थांबलाही होता. हातातला पाइप खाली होता. माझा भाऊ आहे, असं म्हटलं असतं तर कदाचित तो थांबला असता, कदाचित नसता. पण ती खुनाची चाल माझ्या भावाची, हे त्या शब्दांत आपोआप आलं असतं. माझं तोंड उघडं राहिलं आणि आवाज फुटला नाही. मग मागून कुणीतरी माझ्या कानशिलावर काहीतरी घातलं. पडता पडता मी एका माणसाला फुटपाथचा पेव्हर ब्लॉक दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलताना पाहिलं. तो खाली आला, पुन्हा वर गेला.

शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्यात होते. कानाला सहा टाके होते. खिडकीत अजून ऊन होतं. बाहेर दोन हवालदार बोलत होते की बिरू हजारे गेला, आईला फोनवर निरोप दिलाय.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला शवागार. मी भिंत धरत पोचले तेव्हा आबा आधीच तिथे उभे होते. त्यांना कुणी कळवलं नव्हतं. स्टँडवरचा व्हिडिओ त्यांच्या फोनवर आला होता आणि त्यातली पहिली दहा पावलं त्यांना पुरली होती. स्ट्रेचरवर चादरीखाली धैर्या होता. तोंड उरलं नव्हतं. तोंड झाकायला घेतलेले हातही ठेचून गेले होते, बोटांचे ठसे मिळायचे नाहीत असं हवालदार म्हणाला. मेलेला माणूस चालत नाही, त्यामुळे आमच्या यंत्राचाही आता उपयोग नव्हता. नाव पक्कं करायला आता माणूसच लागत होता.

मायाक्का आली. पायांना माळावरची माती, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. हवालदारानं चादर वरून काढली. तिनं तोंडाकडे एकदाच पाहिलं. मग स्वतः पुढे होऊन पायाकडची चादर वर केली आणि डावा गुडघा बघितला. तो शाबूत होता, पाइप उजव्यावर बसला होता. तिनं हळूच चादर खाली ओढली आणि दोन्ही गुडघे नीट झाकले.

"माझाच हाय," ती म्हणाली. डोळ्यांत टिपूस नव्हतं. "माझा बिरूच हाय ह्यो. द्या, अंगठा देते."

मला समजलं. बिरू कागदावर मेला की त्याच्यामागे कुणी येणार नाही, ना कोर्ट, ना जमाव. मोडका पाय घेऊन मेंढरांमागे जन्मभर बिननावाचा का होईना, जगेल. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदराखाली दोन्ही हात जोडले. मी गप्प बसले तर तिचा पोरगा तिला मिळत होता. आबा डोळे मिटून उभे होते. त्यांचाही पोरगा खुनी ठरत नव्हता. परगावी गेला, परत आला नाही, एवढंच झालं असतं. मी गप्प बसायचं, बस्स. पाच दिवस मी तेच तर केलं होतं.

"मायाक्का, त्याचे गुडघे उघडा," मी म्हणाले.

"गप ए बाई."

"साहेब, हा बिरू नाही. हा धैर्यशील केरबा चौगुले, माझा भाऊ. बिरूच्या नावावर जी चाल आहे ती याची आहे. प्रज्योत इंगवलेला यानं मारलं. बिरूनं काहीही केलेलं नाही."

आबा भिंतीला पाठ घासत खाली बसले. हवालदाराच्या हातातला शाईचा पॅड तसाच राहिला.

मायाक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "माज्या पोरानं काय केलं न्हाई?"

"नाही."

"कधीपास्नं ठावं हाय तुला?"

"गुरुवारपासून."

तिनं माझ्या तोंडात मारली. टाके घातलेल्या बाजूलाच. मग दुसऱ्या हातानं मारली, मग पुन्हा. मी हात वर केला नाही. कानातून रक्त मानेवर उतरलं, तेव्हा हवालदारानं तिला धरलं. तिला रडू आलं ते तेव्हा.

"तवाच दवाखान्यात नेला असता तर त्याचा पाय वाचला असता गं," ती म्हणाली. "ह्या तुझ्या भावाचा जीव पण वाचला असता. तुझं त्वांड कुटं हुतं?"

मी धैर्याच्या पायावरची चादर सारखी केली. हवालदारानं भरत आणलेला कागद फाडला, नवा घेतला, टेबलावर ठेवला आणि मयताचं नाव पुन्हा विचारलं. मी सांगितलं. त्यानं ते सावकाश लिहून घेतलं आणि खाली माझी सही मागितली.